मूठभर तांदूळ कमी

भिंगरीमावशीने केलेली बाळं इतकी हुबेहूब असत, की रस्त्यातल्या अनोळखी बायका तिला थांबवून मुलाची मान नीट धरायला सांगत. खरं मूल मात्र तिने कधी हातात घेतलं नाही. कुणी कौतुकाने पुढे केलं की तिचे दोन्ही हात झटकन पाठीमागे जात. "हाताला खळ लागलीय गं," असं ती म्हणे. कधी हात गार असत, कधी अंघोळ व्हायची असे, कधी नुकतीच मच्छी कापलेली असे. यातली तीन कारणं मी एकाच सकाळी ऐकली तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. पण त्या वयात मला लोकांच्या चुका चटकन दिसत, दुःखं दिसत नसत.

भिंगरी हे नाव आमच्या आयाबाईने ठेवलेलं. मावशीच्या पायाला खरोखरच भिंगरी होती. ती स्टुलावर बसलेली मी पाहिली नाही. बोलताना चाले, चहा पिताना चाले, बशी हातात धरून व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि परत येताना बशी रिकामी असे. पाय थांबलेच तर हात सुरू होत. पदराचं टोक घे, त्याची गुंडाळी कर, ती सोड, पुन्हा कर. तिच्याशी पाच मिनिटं बोललं की आपल्यालाच काहीतरी विसरल्यासारखं वाटू लागे. "मावशी, बसा हो जरा," असं मी वैतागून म्हटलं की ती म्हणे, "बसले की डोकं चालू लागतं. त्यापेक्षा पाय चाललेले बरे."

ती मालवणकडची. नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर, आणि घाटकोपरला डोंगराच्या अंगाला त्यांची एक खोली. मूलबाळ नव्हतं. वीस वर्षं मुंबईत काढून तिची भाषा आपल्यासारखी झाली होती, पण घाबरली की मालवणी बाहेर पडे. हे मला फार उशिरा कळलं, कारण ती कशाला घाबरते असं मला वाटतच नसे.

मी नर्सिंगची परीक्षा पास होऊन घाटकोपरच्या एका छोट्या प्रसूतिगृहात लागले, ती पन्नासच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. पूर्वेला मिठागरं, पश्चिमेला म्हशींचे तबेले, आणि मध्ये आमच्या बारा खाटा. मला दोन गोष्टींचा गर्व होता, एक माझं सर्टिफिकेट आणि दुसरा आमचा बाळं तोलायचा काटा. रोज सकाळी तो मी स्वतः पुसत असे. डॉक्टरबाईंनी पहिलटकरणींसाठी वर्ग सुरू केला. बाळाला न्हाऊ कसं घालायचं, मानेखाली हात कसा द्यायचा, हे बाहुलीवर शिकवायचं. त्यासाठी फोर्टातल्या दुकानातून विलायती बाहुली आणली. गुलाबी गाल, निळे डोळे, आणि वजन पापडाएवढं. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एक म्हणाली, "सिस्टर, असलं मूल झालं तर आमचे हे मला घरात घेतील का?" वर्गाची पार वाट लागली.

तेव्हा आयाबाईने मावशीला आणलं. मावशी हळदीकुंकवाला वाटायच्या कापडी बाहुल्या करी, गौरीचे मुखवटे रंगवी. तिने ती विलायती बाहुली उचलली, उलटी केली, तिच्या डोक्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "हिची टाळू कुठाय?" डॉक्टरबाई हसल्या आणि काम मावशीला मिळालं.

पुढचे दोन महिने ती आमच्याकडे मुलं बघायला येत होती. बघायची म्हणजे काय, तर हात पाठीमागे बांधून वाकायची, नाक बाळाच्या कपाळापर्यंत न्यायची, आणि मग आईला म्हणायची, "उचल बघू. आता ठेव. पुन्हा उचल." ती बाळाकडे बघतच नसे, आईच्या मनगटाकडे बघे. दोऱ्याने पावलं मोजून घ्यायची, तीही माझ्याकडून. "तू लाव गं दोरा, माझे हात गार आहेत." मे महिना होता, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला.

तिच्या खोलीत मी एकदा काम बघायला गेले. रद्दी कागद मेथीच्या पाण्यात भिजवून त्याचा लगदा केलेला, त्यात चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड. डोकं, हात, पाय या लगद्याचे. धड मात्र जुन्या, शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याचं, आत सावरीचा कापूस. नखं लसणीच्या पापुद्र्याची. रंगाला गेरू, हळद आणि कसलीशी जांभळट छटा. "आपली पोरं येतात जांभळी," ती फिरत फिरत सांगत होती, "मग होतात तांबडी, मग महिन्याने आपापल्या रंगावर जातात. विलायतेतली कशी येतात ते मला काय माहीत." टाळूच्या जागी तिने रुपयाएवढं भोक ठेवलं होतं आणि त्यावर आमच्याच दवाखान्यातल्या फाटक्या रबरी हातमोज्याचा तुकडा ताणून बसवला होता. त्यावर बोट ठेवलं तर ते किंचित आत जाई. माझ्या अंगावर काटा आला. मी नर्स होते, रोज चार टाळवा बघत होते, तरी आला.

आणि वजनासाठी तांदूळ. डोक्यामागे, पाठीला, बुडाशी अशा लहान लहान पुरचुंड्या. "रेती का नाही?" मी विचारलं. "रेती हाताला मेल्यासारखी लागते," ती म्हणाली आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे चालू लागली.

पहिली बाहुली ती पिशवीत घालून घेऊन आली. पिशवीतून एक पाय बाहेर लोंबत होता. स्टेशन रोडवर एका म्हातारीने तिचा हात धरला, चारचौघांत तिला फैलावर घेतलं, "बाई आहेस की कोण आहेस? पोराला भाजीसारखं काय नेतेस?" मावशीने पिशवी उघडून दाखवली नाही. मुकाट्याने बोलणी खाल्ली, चुकलं म्हणाली, बाळाला छातीशी धरून पुढे आली आणि आमच्या पायऱ्या चढल्यावर मला म्हणाली, "पास झाले गं." त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की चहाचे दोन कप चालता चालता प्यायली.

माझं तिचं भांडण झालं ते काट्यावरून. बाहुली सहा पौंडांची हवी असं ठरलं होतं. तिने आणली तेव्हा ती बरोबर सहा भरली. पण बायकांच्या हातात दिली तर सगळ्या म्हणाल्या, जड आहे. खरं सहा पौंडांचं मूल शेजारी होतं, तेही दिलं. एकमुखाने निकाल लागला, बाहुली जड. मावशीने बाहुलीची शिवण उसवली, मूठभर तांदूळ काढले, पुन्हा दिली. अजून जड. आणखी मूठभर काढले. आता सारखी लागते, असं बायका म्हणाल्या. मी काट्यावर ठेवली तर साडेपाचलाही कमी.

"हे चालायचं नाही," मी म्हटलं. "सहा म्हणजे सहा."

"तुझ्या काट्याला हात आहेत का?" मावशीने विचारलं. पण बोलताना तीच गोंधळलेली दिसत होती. काढलेले तांदूळ तिने मुठीत घट्ट धरले होते. "माझ्या हाताला तरी पटत नाही बघ. मला अजून हलकंच लागतंय. पण उचलणार त्या, मी कोण." मग व्हरांड्यात जाऊन तिने ते तांदूळ चिमण्यांना टाकले. पुढे असं प्रत्येक बाहुलीला झालं. ती करायची ती जडच, बायका सांगायच्या तेव्हा मूठभर काढायची, आणि आमच्या व्हरांड्यातल्या चिमण्या तिला ओळखू लागल्या. मला ते तिच्या अडाणीपणाचं लक्षण वाटे. बिनहालचालीचं अंग हाताला जड लागतं, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

तिचा एक नियम होता. बाहुली पाळण्यात ठेवायची नाही. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, तसं. नव्या आयाने एकदा सहज ठेवली, तर मावशीने ती उचलून थेट तांब्याभांड्यांच्या फळीवर नेऊन बसवली.

त्या पावसाळ्याच्या शेवटी शालन आली. अठरा वर्षांची, आठव्यातच बाळंत झालेली. मुलगी चार पौंडांना दोन औंस कमी. आमच्याकडे तेव्हा कसली यंत्रं होती? कापसात गुंडाळायचं, गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना, आणि आईचं दूध काढून ड्रॉपरने थेंब थेंब. शालनचं दूध पहिल्या दोन दिवसांत आलं आणि आटायला लागलं. कारण ती मुलीला हातच लावत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. "मोडेल ती," एवढंच म्हणायची. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ही पोरगी हिने छातीशी घेतली नाही, तर आठवडा काढणार नाही."

मी शालनला रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. मग मावशीला निरोप पाठवला. तीन दिवसांत तिने एवढीशी बाहुली करून आणली. कातडी सैल, कानाच्या पाळ्या डोक्याला चिकटलेल्या, पायांच्या काड्या. तशी बाहुली तिने पुन्हा केली नाही आणि मीही पाहिली नाही. खाटेजवळ येऊन तिने ती शालनच्या मांडीवर ठेवली. शालनने भीत भीत बोट लावलं. मग मानेखाली हात घातला. मग उचलली. तास-दीड तास ती बाहुलीला धरून होती, आणि मावशी खाटेभोवती येरझाऱ्या घालत होती, "हां, कोपर खाली. हां, आता खांद्यावर."

"आता तुझी घे," मी म्हटलं आणि कापसातलं बाळ पुढे केलं.

शालनने बाहुली खाली ठेवली. बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग मावशीकडे. "मावशी, आधी तुम्ही घ्या," ती म्हणाली. "तुम्ही घेतलीत तर मी घेईन."

मी बाळ मावशीकडे वळवलं. मावशीचे हात पाठीमागे गेले.

"हाताला खळ..." ती म्हणाली.

हात स्वच्छ होते. शालनला ते दिसलं, मलाही दिसलं. "म्हणजे तुम्हीपण भिता," शालन म्हणाली. रागाने नाही, सरळ. आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मावशी मागे सरत दारापर्यंत गेली. "माका जमाचा नाय," असं काहीतरी पुटपुटली, आणि तरातरा पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. काट्यावर मुलगी आणखी एक औंस उतरली होती. दुपारी माझी ड्यूटी संपल्यावर मी ती छोटी बाहुली घेऊन तडक डोंगराकडे निघाले. मला तिला चांगलं खडसावायचं होतं. वाक्यं तयार होती. दारातूनच मी म्हटलं, "ही घ्या तुमची बाहुली परत. खोटी पोरं करता येतात, खऱ्याला हात लावायचा नाही, मग आमच्या पेशंटला कशाला शिकवता?"

ती लगदा मळत होती. मळतच राहिली. मग उठून चालू लागली. आठ पावलांची खोली, भिंत आली की वळायची.

"माझंही असंच होतं," ती म्हणाली. "आठव्यातलं. मी सोळाची. सासू म्हणाली, तुझे हात धांदरट, तू हात लावायचा नाहीस. सुपात कापूस घालून त्यात ठेवलं होतं. मी लांबून बघायची. नऊ दिवस." ती वळली. "दहाव्या दिवशी सकाळी सगळ्या बायका आत-बाहेर करत होत्या. कुणीतरी माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, धर जरा. तेव्हा घेतलं. तेव्हा त्यात काही नव्हतं गो." पुन्हा भिंत. "तां जड होतां. एवढासा जीव, दगडासारखां जड. माका वाटला, हातातसून पडतला."

मला तिच्या सगळ्या बाहुल्या आठवल्या, सगळ्या आधी जड झालेल्या, आणि तिच्या मुठीतले ते तांदूळ. जिवंत मूल हातात कसं लागतं ते तिला माहीतच नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या मनगटाकडे बघून त्याचा अंदाज घेत होती. मी बाहुली तिथेच ठेवली आणि डोंगर उतरले. वाटेत मला रडू आलं, आणि माझाच राग आला. काल त्या खाटेजवळ बाळ तिच्यापुढे करणारी मीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉपर उकळत होते, तेव्हा ती आली. अंघोळ केलेली, केस ओले, हात कोपरापर्यंत घासून लाल केलेले. वॉर्डात शिरली ती थेट शालनच्या खाटेशी. काखेत बाहुली होती, ती तिने उशाशी ठेवली. मग माझ्याकडे वळून दोन्ही हात पुढे केले.

"दे," ती म्हणाली.

मी दिलं. नियमाने मी असं करायला नको होतं. शालन उठून बसली होती. कापसातून मुलीने एक पाय झाडला, चिमणीएवढा आवाज केला, आणि मावशीच्या हाताशी अंग वळवलं. मावशी उभी राहिली. म्हणजे खरोखरच उभी राहिली. पाय हलत नव्हते, पदर चाळवत नव्हता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिचं तोंड उघडं होतं, आणि डोळ्यांतून पाणी सरळ खाली गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"हलकां आसा गो," ती म्हणाली. मला नाही, शालनलाही नाही. "केवढां हलकां आसा."

शालनने हात पुढे केले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मुलगी पुढचे चार दिवस वाढली नाही, एक दिवस तर अर्धा औंस उतरली. काटा माझ्याकडे होता, मला माहीत होतं. मावशी रोज यायची. शालनला आधी बाहुली उचलायला लावायची, मग मुलगी, आणि विचारायची, "कशी लागते?" ज्या सकाळी अर्धा औंस कमी भरला होता त्या सकाळी शालन म्हणाली, "मावशी, आज बाहुलीपेक्षा ही जड लागते." तिचा चेहरा उजळला. त्या दिवशी तिला दूधही बरं आलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं. व्हरांड्यात चिमण्या जमल्या होत्या.

मावशी माझ्याकडे बघत होती. मी काट्यावर विश्वास ठेवणारी, सहा म्हणजे सहा म्हणणारी बाई. मी फडकं घेतलं आणि काटा पुसायला लागले. पाचव्या दिवशी मुलगी खरोखरच दीड औंस वाढली आणि त्यानंतर थांबली नाही. दीड महिन्याने शालन घरी गेली तेव्हा त्या छोट्या बाहुलीच्या पोटात तांदळाचा दाणाही उरला नव्हता.

त्या वर्षी मावशीने आणखी दोन बाहुल्या केल्या. दोन्ही पहिल्याच वेळी हाताला बरोबर लागल्या. शिवण उसवावी लागली नाही, आणि चिमण्या उपाशी राहिल्या. वॉर्डात कुणी मूल पुढे केलं तर ती आता घेई. लगेच परत देई, पण घेई. पायाची भिंगरी काही सुटली नाही. मुलाला घेऊन चालायची.

मग तिच्या नवऱ्याचं कारखान्यातलं काम सुटलं आणि दोघं गावी जायला निघाली. निरोप घ्यायला आली तेव्हाही व्हरांड्यात फेऱ्या घालत होती. मी म्हटलं, "मावशी, आज तरी बसा." ती स्टुलापर्यंत आली, त्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "बोट चुकेल गं." भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट दुसऱ्या दिवसाची होती. छोटी बाहुली तिने माझ्याकडे ठेवली. पुढे दोन पत्रं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. तिसरं तिच्या नवऱ्याचं आलं. ते चार ओळींचं होतं. ते वाचून मी काट्याच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

पस्तीस वर्षं मी हे काम करते आहे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बदल्या होतील तिकडे ती रिकाम्या पोटाची बाहुली बरोबर नेली. एका मुक्कामात तिचा एक कान उंदरांनी खाल्ला. नवे काटे आले, यंत्रं आली, कापूस गेला. पण पहिल्यांदा आपलं मूल हातात घेताना बायका आखडतात त्या तशाच. मग मी त्यांच्या कोपराखाली माझा हात देते आणि म्हणते, "घे गं. हलकां आसा." मी पुण्याच्या घरातली, माझ्या सात पिढ्यांत कुणी मालवण पाहिलेलं नाही. त्या हसतात, आणि घेतात.